न झालेल्या लढती : प्रस्तावना

१८ जून १९४१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बारा फेऱ्या संपल्या, तेव्हा जगाचा हेवीवेट विजेता जो लुई हरण्याच्या वाटेवर होता. समोर पिट्सबर्गचा बिली कॉन होता. वजनाने तो लुईपेक्षा अकरा-बारा किलोंनी हलका, पण पायांनी चपळ आणि मनाने निर्भय. तीन पंचांपैकी दोघांच्या गुणपत्रिकेवर कॉन पुढे होता, तिसऱ्याने दोघांना बरोबरीत ठेवले होते. उरलेल्या तीन फेऱ्या त्याने अंतर राखून खेळून काढल्या असत्या, तर किताब त्याचाच होता. तेराव्या फेरीत मात्र लुईला लोळवायच्या ईर्षेने तो जवळ गेला आणि ठोशांच्या देवाणघेवाणीत सापडला. फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना पंचांचे दहा अंक मोजून झाले. लुईचा किताब राहिला.

अकरा वर्षांनी, २३ सप्टेंबर १९५२ रोजी, फिलाडेल्फियात जवळजवळ तेच घडले. विजेता होता जर्सी जो वॉलकॉट आणि आव्हानवीर रॉकी मार्सियानो. पहिल्याच फेरीत वॉलकॉटने मार्सियानोला खाली पाडले; व्यावसायिक कारकिर्दीत मार्सियानो तोवर कधीच पडला नव्हता. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीच्या पहिल्या मिनिटात मार्सियानोचा उजव्या हाताचा आखूड ठोसा वॉलकॉटच्या जबड्यावर बसला, आणि किताबाचा मालक बदलला.

आता हेवीवेटच्या जागतिक किताबाची लढत बारा फेऱ्यांची असते. हाच नियम त्या दोन रात्री असता, तर लुईची पुढची आठ वर्षांची सत्ता झाली नसती आणि मार्सियानो हरून घरी गेला असता. ४९ लढती, ४९ विजय हा त्याचा विक्रम आपल्यापर्यंत पोचलाच नसता. शेवटच्या तीन फेऱ्या गेल्या त्यामागचे कारण दुःखद आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला लाइटवेट किताबासाठी लढताना दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत मरण पावला. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने किताबाच्या लढती बारा फेऱ्यांवर आणल्या, आणि त्या दशकात इतर संघटनांनीही तेच केले. एका तरुणाच्या मृत्यूने बॉक्सिंगचा नियम बदलला, आणि त्या नियमाने मोजू गेलो तर आधीचे दोन महान विजेते पराभूत ठरतात. विजेता आणि त्याच्या काळाचे नियम एकमेकांत इतके गुंतलेले असतात. ही गुंतागुंत उलगडल्याशिवाय दोन काळांतल्या माणसांची तुलना करायची नाही, या निश्चयाने हे पुस्तक लिहिले आहे.

लुई आणि मुहम्मद अली समोरासमोर आले असते तर काय झाले असते? जॅक डेम्प्सी आणि माइक टायसन? जॅक जॉन्सनचा बचाव लॅरी होम्सच्या डाव्या हाताला पुरून उरला असता का? बॉक्सिंगवर जीव असलेला माणूस हे प्रश्न टाळू शकत नाही. तालमीच्या कट्ट्यावर वस्ताद आणि जुने पहिलवान जशा कधीच न लागलेल्या जोड्या लावत बसतात, तशी ही चर्चा जगभर शंभर वर्षे चालू आहे. हेवीवेटच्या बाबतीत ती अधिक चुरशीची होते, याला कारण आहे. बाकी प्रत्येक गटाला वजनाची वरची मर्यादा असते, हेवीवेटला ती नाही. त्यामुळे या गटाचा विजेता म्हणजे रिंगमधल्या सगळ्या माणसांचा राजा, अशी लोकांची धारणा झाली, आणि त्या एका किताबाला राष्ट्राचे, वंशाचे, राजकारणाचे अर्थ चिकटत गेले. २२ जून १९३८ रोजी यांकी स्टेडियममध्ये लुईने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवले. श्मेलिंग स्वतः नाझी पक्षाचा सदस्य नव्हता, पण हिटलरच्या राजवटीने त्याच्या विजयांचा प्रचारासाठी पुरेपूर वापर केला होता. म्हणून ती दोन मिनिटे एका कृष्णवर्णीय अमेरिकनाने वंशश्रेष्ठत्वाच्या दाव्याला दिलेले उत्तर ठरली. ज्या किताबाला एवढा भार वाहावा लागतो, त्याच्या मानकऱ्यांत थोर कोण, हा प्रश्न गांभीर्याने घेतलाच पाहिजे.

तो गांभीर्याने घेणाऱ्यांत नॅट फ्लायशरचे नाव पहिले. १९२२ मध्ये त्याने ‘द रिंग’ हे मासिक सुरू केले आणि पुढची पन्नास वर्षे त्याचा शब्द या क्षेत्रात प्रमाण मानला गेला. त्याच्या सार्वकालिक यादीत पहिला जॅक जॉन्सन, दुसरा जेम्स जेफ्रीज, तिसरा बॉब फिट्झसिमन्स, चौथा डेम्प्सी, पाचवा जेम्स कॉर्बेट. लुई सहावा, मार्सियानो थेट दहावा. १९७२ मध्ये फ्लायशर गेला, तोवर अलीला त्या यादीत जागा मिळालेली नव्हती. त्याच्याइतक्या लढती प्रत्यक्ष पाहिलेली माणसे जगात फार थोडी असतील, आणि त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही यादीतली वरची नावे त्याच्या बालपणातल्या आणि तारुण्यातल्या विजेत्यांची आहेत. कोवळ्या वयात ज्यांना देवासारखे पाहिले, त्यांना नंतर कोणी गाठू शकत नाही. आज याच्या नेमका उलटा दोषही सर्वत्र दिसतो: जो ताजा, जो अंगाने मोठा, ज्याचे चित्रीकरण स्वच्छ, तोच श्रेष्ठ. दोन्ही बाजूंनी निर्णय आवडीने आधी घेतलेला असतो आणि कारणे मागून शोधली जातात.

आवडीनिवडीतून सुटका व्हावी म्हणून एकदा यंत्राकडेही हा प्रश्न सोपवला गेला. १९६७ मध्ये मायामीच्या मरे वोरोनर या निर्मात्याने १६ विजेत्यांची माहिती एनसीआर ३१५ या संगणकात भरून रेडिओवर एक काल्पनिक स्पर्धा चालवली. अंतिम लढतीत मार्सियानोने डेम्प्सीला हरवले. अलीला संगणकाने जेफ्रीजकडून हरवले होते. त्या वेळी सैन्यभरती नाकारल्यामुळे अलीचा किताब आणि परवाना काढून घेतलेला होता. या अपमानाने संतापून तो न्यायालयात गेला. तडजोडीतून एक चित्रपट जन्माला आला. १९६९ मध्ये मायामीच्या एका स्टुडिओत अली आणि निवृत्त मार्सियानो प्रत्यक्ष रिंगमध्ये उतरले आणि एकेका मिनिटाच्या अनेक फेऱ्या खेळले. शेवट वेगवेगळे चित्रित झाले. चित्रीकरण आटोपल्यावर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, विमान अपघातात मार्सियानो गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेच्या चित्रपटगृहांत जो शेवट दाखवला, त्यात तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला नॉकआउट केले; युरोपात अली जिंकल्याचा शेवट दाखवला गेला. यंत्र निःपक्षपाती असले, तरी त्याला पुरवलेले आकडे माणसांचे अंदाज होते. मार्सियानोचा ठोसा किती जड, अलीचा जबडा किती टणक, हे कोणीतरी मनाने ठरवून भरले होते. मत आत गेले, मतच बाहेर आले. गणनशक्ती आज अफाट वाढली आहे, पण ही अडचण तशीच आहे.

म्हणून या पुस्तकात मी उलट्या बाजूने सुरुवात केली. ‘कोण जिंकेल’ याच्या आधी ‘कोणत्या खेळात’ हे विचारले.

जॉन सुलिव्हनने १८८९ मध्ये जेक किलरेनला उघड्या मुठींच्या लढतीत ७५ फेऱ्यांनंतर हरवले. तीनच वर्षांनी, ७ सप्टेंबर १८९२ रोजी, न्यू ऑर्लिन्सला ग्लोव्ह्ज घालून, तीन मिनिटांच्या फेऱ्या आणि एक मिनिटाची विश्रांती या क्वीन्सबेरी नियमांनी तोच सुलिव्हन कॉर्बेटकडून हरला. कॉर्बेट तरुण होता, सुलिव्हन सुटलेला होता, हे खरेच. पण खेळही बदलला होता. ५ एप्रिल १९१५ ला हवानाच्या उन्हात जॅक जॉन्सन आणि जेस विलर्ड यांची लढत ४५ फेऱ्यांसाठी ठरलेली होती आणि ती २६ व्या फेरीत संपली. जॉन्सनच्या जुन्या फिती पाहताना आजच्या प्रेक्षकाला तो संथ वाटतो. तो वाट पाहतो, प्रतिस्पर्ध्याचे दंड धरून ठेवतो, अंगावर रेलतो. ज्याला दोन-अडीच तास उभे राहण्याची तयारी ठेवायची आहे, त्याच्यासाठी हा संथपणा म्हणजे शहाणपण आहे. त्यात जुन्या फिती हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यांवर घेतलेल्या. त्या नंतरच्या यंत्रांवर चुकीच्या वेगाने चालवल्या की माणसे बाहुल्यांसारखी तुरुतुरु पळतात. अशी फीत पाहून पुष्कळांनी त्या पिढीला हसण्यावारी नेले. योग्य वेगाने पाहिली, तर जॉन्सनचा डावा तळवा समोरच्याचा ठोसा निघायच्या आधीच त्याच्या दंडावर टेकलेला दिसतो.

डेम्प्सीचेही तसेच. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडोला सुमारे ८५ किलो वजनाच्या डेम्प्सीने १११ किलोंच्या विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले. त्या फितीत डेम्प्सी पडलेल्या विलर्डच्या डोक्याशी उभा राहतो आणि तो उठू लागला की लगेच पुन्हा मारतो. नियम त्याला तशी मुभा देत होता. पुढे पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे, मगच मोजणी सुरू, असा नियम आला. २२ सप्टेंबर १९२७ ला शिकागोत डेम्प्सीने जीन टनीला पाडले, पण कोपऱ्यात जायला वेळ लावला. टनीला चौदा-एक सेकंद मिळाले, तो उठला आणि गुणांवर जिंकला. सवय एका नियमाची आणि लढत दुसऱ्या नियमाची, यातून काय होते याचे याहून ठळक उदाहरण नाही. डेम्प्सी-टायसन लढतीची कल्पना करणाऱ्याने आधी सांगितले पाहिजे, की ग्लोव्ह्ज डेम्प्सीच्या काळातले पाच-सहा औंसांचे की आताचे दहा औंसांचे, आणि पाडणाऱ्याने उभे कुठे राहायचे.

दुसरा मोठा प्रश्न शरीराचा. मार्सियानो किताबाच्या लढतींत ८४ किलोंच्या आसपास असे, लुई ऐन भरात ९० च्या आसपास. आज ९०.७ किलोंपर्यंतच्या बॉक्सरांसाठी क्रूझरवेट हा वेगळा गट आहे. म्हणजे डेम्प्सी, मार्सियानो, फ्लॉइड पॅटरसन आणि बहुधा लुईसुद्धा आज हेवीवेट गणले गेले नसते. समोर सहा फूट पाच इंचांचा लेनॉक्स लुईस, सहा फूट सहा इंचांचा व्लादिमीर क्लिच्को किंवा सहा फूट नऊ इंचांचा टायसन फ्युरी उभा केला, की बऱ्याच जणांना वाद संपल्यासारखा वाटतो.

तो एवढ्यावर संपत नाही. लुईने महाकाय माणसे पाहिली होती. प्रिमो कार्नेराला त्याने १९३५ मध्ये सहाव्या फेरीत संपवले आणि सहा फूट सहा इंचांच्या बडी बेअरला १९४२ मध्ये पहिल्याच फेरीत. मात्र दुसरी बाजूही खरी आहे: कार्नेरा आणि बेअर अंगाने मोठे होते, पण लुईस आणि क्लिच्को यांच्यासारखे घडवलेले नव्हते. क्लिच्कोचा डावा जॅब, त्यामागचा उजवा, आणि कोणी जवळ आलाच तर त्याच्या मानेवर टाकलेला शरीराचा भार या तिन्ही गोष्टी वर्षानुवर्षे घोटून तयार झालेल्या होत्या. आखूड हातांच्या मार्सियानोने तिथवर पोचायचे कसे, याचे उत्तर त्याच्या चाहत्यांनी दिले पाहिजे. आणि क्लिच्कोच्या चाहत्यांनी १८ मे २०२४ ची रियाधची लढत पाहिली पाहिजे. क्रूझरवेटमधून वर आलेल्या सुमारे १०१ किलोंच्या ओलेक्सांद्र उसिकने ११९ किलोंच्या फ्युरीला हरवून चारही प्रमुख किताब एकत्र केले. पाय आणि डोके चालत असले, तर अठरा किलोंची तफावत भरून काढता येते. आकार हे मोठे भांडवल आहे, एवढेच त्यातून ठरते. निकाल ठरत नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि यादी करणारे बहुतेक लोक तो ओलांडून जातात. किताबाच्या लढतीपर्यंत पोचू कोणाला दिले गेले? सुलिव्हनने कृष्णवर्णीय बॉक्सरांशी लढायला जाहीर नकार दिला होता. ऑस्ट्रेलियातून आलेल्या पीटर जॅक्सनने १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कॉर्बेटशी ६१ फेऱ्या झुंज दिली आणि ती लढत निकालाविना सुटली. पुढच्याच वर्षी कॉर्बेट जगाचा विजेता झाला. जॅक्सनला किताबाची लढत कधीच मिळाली नाही. जॉन्सनला ती मिळवण्यासाठी टॉमी बर्न्सचा देशोदेशी पाठलाग करावा लागला, तेव्हा कुठे २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत तो विजेता झाला. ४ जुलै १९१० रोजी रीनोला त्याने निवृत्तीतून परत आणलेल्या जेफ्रीजला हरवले, तर अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि माणसे मेली. १९१२ मध्ये बॉक्सिंगच्या फिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर कायद्याने बंदी आली. जॉन्सनवर, स्त्रियांना अनैतिक हेतूने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्धच्या मॅन कायद्याखाली, खटला भरून त्याला दोषी ठरवले गेले. त्या शिक्षेबद्दलची माफी २०१८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ७२ वर्षांनी आली. तो हरल्यानंतर तब्बल २२ वर्षे, १९३७ मध्ये लुई येईपर्यंत, दुसऱ्या कोणा कृष्णवर्णीयाच्या हाती हा किताब गेला नाही.

वर्णभेदाच्या या भिंतीमुळे सॅम लँगफर्डला जगाच्या हेवीवेट किताबाची लढत कधीच मिळाली नाही. किताब हाती आल्यावर जॉन्सननेही त्याला ती दिली नाही. हॅरी विल्स १९२० च्या दशकात डेम्प्सीचा सर्वांत लायक आव्हानवीर होता. गोष्ट करारापर्यंत पोचली, लढत झाली नाही. म्हणून डेम्प्सीचा काळ मोजताना विल्सची रिकामी जागाही मोजली पाहिजे. हा दोष एकट्या डेम्प्सीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण प्रवर्तक आणि सत्ताधारीही त्यात होते. पण त्याच्या खात्यात एक मोठी लढत कमी आहे, हे लपवणेही अन्यायच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भिंत दुसऱ्या ठिकाणी उभी राहिली. क्युबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन १९७२, १९७६ आणि १९८० अशा तीन ऑलिम्पिकमध्ये हेवीवेटचे सुवर्णपदक जिंकला आणि व्यावसायिक रिंगमध्ये कधीच आला नाही. सोव्हिएत संघाचे बॉक्सरही बाहेरच राहिले. ज्या काळाला आपण हेवीवेटचे सुवर्णयुग म्हणतो, त्या काळीही अर्धे जग त्या किताबाबाहेर होते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर युक्रेन आणि रशियाचे बॉक्सर आले, आणि क्लिच्को बंधूंपासून उसिकपर्यंत किताबाचा नकाशाच पालटला. आताच्या विजेत्यांच्या बाजूने बोलणारा हा भक्कम मुद्दा आहे, आणि तो मी मनापासून मान्य करतो. पण या काळाचीही एक उणीव आहे. लुईच्या वेळी किताब एक होता. आता चार प्रमुख संघटना आपापले विजेते नेमतात. १९४१ या एका वर्षात लुई सात वेळा किताब पणाला लावून लढला. आजचा विजेता वर्षातून एकदा किंवा दोनदा लढतो, आणि सगळे किताब एका हातात येण्यासाठी लेनॉक्स लुईसच्या १९९९ च्या विजयानंतर २०२४ पर्यंत थांबावे लागले. लुईने सलग २५ वेळा किताब राखला, क्लिच्कोने दुसऱ्या खेपेला सलग १८ वेळा. पण या दोन आकड्यांची नुसती वजाबाकी करता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की काळ सोडा, निदान एका काळातल्या माणसांची तरी सरळ उतरंड लावता येईल. तेही साधत नाही. १९७० च्या दशकाकडे पाहा. जो फ्रेझरने ८ मार्च १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अलीला हरवले. केन नॉर्टनने १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवले. जॉर्ज फोरमनने १९७३ मध्ये किंग्स्टनला फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले आणि १९७४ मध्ये कराकासला नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवले. या हिशेबाने किन्शासात फोरमनने अलीला चिरडायला हवे होते. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी आठव्या फेरीत खाली पडला तो फोरमन. वाकून आत घुसणारा फ्रेझर फोरमनच्या अपरकटच्या टप्प्यात आयता येई. दोरांवर रेलून ठोसे झेलणारा, मध्येच सरळ उजवा मारणारा अली त्या टप्प्यात नव्हता. ‘अमक्याने तमक्याला हरवले, म्हणून तो मोठा’ ही साखळी तीन कड्यांतच तुटते. बॉक्सिंगमध्ये शैलीला शैली भिडते, आणि प्रत्येक जोडीचा विचार स्वतंत्र करावा लागतो.

मग तुलनेला खरा पुरावा कुठेच नाही का? आहे, आणि तो दोन काळ अंगावर घेतलेल्या माणसांत आहे. फोरमन हा त्यातला अव्वल. १९७४ मध्ये किताब गमावलेला फोरमन १९७७ मध्ये निवृत्त झाला आणि दहा वर्षांनी परतला. १९९१ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याने विजेत्या इव्हँडर होलीफिल्डशी पूर्ण बारा फेऱ्या झुंज दिली. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, ४५ वर्षांचा असताना, गुणांवर मागे असलेल्या फोरमनने दहाव्या फेरीत सव्वीस वर्षांच्या मायकल मूररला नॉकआउट केले. लॅरी होम्सने १९८० मध्ये थकलेल्या अलीला हरवले, ४८ लढती अजिंक्य राहिला आणि मार्सियानोच्या आकड्यापासून एक पाऊल दूर असताना १९८५ मध्ये मायकल स्पिंक्सकडून हरला. १९८८ मध्ये टायसनने त्याला चौथ्या फेरीत लोळवले. पण चार वर्षांनी, बेचाळिशीत, त्याच होम्सने तोवर अजिंक्य असलेल्या रे मर्सरला जॅबच्या जोरावर हरवले आणि त्याच वर्षी होलीफिल्डसमोर बारा फेऱ्या टिकला. १९७० च्या दशकात कमावलेले कसब १९९० च्या दशकात, उतारवयात, चालत होते याचा हा पुरावा आहे. तो संपूर्ण नाही. होलीफिल्ड या दोघांनाही हरवूनच पुढे गेला, आणि १९९४ चा फोरमन किन्शासातल्या फोरमनपेक्षा पुष्कळ जडही होता. पण अशा पुराव्यांचा एकेक दाणा जमवत गेलो, की अंदाजाला वजन येते. पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मी अशा दुव्यांना दिला आहे. त्यात मार्सियानो आणि तरुण कॅशियस क्ले, म्हणजेच पुढचा अली, या दोघांशीही लढलेला आर्ची मूर आहे. आणि मूरला हरवून विजेता झालेला व पुढे अलीशी दोनदा लढलेला पॅटरसनही आहे.

ज्ञानही काळ ओलांडत आले आहे. पॅटरसनला घडवणाऱ्या कस डामाटोनेच पुढे कॅट्सकिलला टायसनला घडवले. टायसनचा व्यवस्थापक जिम जेकब्ज याच्याकडे जुन्या लढतींच्या फितींचा प्रचंड संग्रह होता, आणि पोरसवदा टायसन त्या फिती रात्री-रात्री पाहत असे. अंगावर झगा नाही, पायांत मोजे नाहीत, या वेशात तो रिंगमध्ये येई त्यामागे डेम्प्सीच्या पिढीचा आदर्श होता. २० व्या वर्षी, २२ नोव्हेंबर १९८६ ला, तो हेवीवेटचा सर्वांत तरुण विजेता झाला, तेव्हा त्याच्या डोके हलवत आत घुसण्यात जुन्या माणसांचे धडे होते. नवे विजेते जुन्यांच्या खांद्यावर उभे असतात. त्यामुळे ‘जुने मागासलेले, नवे प्रगत’ ही विभागणी मला मान्य नाही. प्रत्येक डाव कोणी शोधला आणि कोणी पक्का केला, याचा हिशेब या पुस्तकात जागोजागी दिला आहे.

हा हिशेब करताना एका गोष्टीकडे डोळेझाक करणे मला शक्य नव्हते. आपण ज्याला सोशिकपणा म्हणून गुण देतो, त्याची किंमत शरीर चुकवते. १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलाजवळ अली आणि फ्रेझर चौदा फेऱ्या जे लढले, त्याला इतिहासातली थोर लढत म्हणतात आणि ती आहेच. पण १९८४ मध्ये अलीला पार्किन्सनचे निदान झाले. अली आणि फ्रेझर या दोघांशीही दोन-दोनदा लढलेला जेरी क्वारी मेंदूवरच्या आघातांनी स्मृती गमावून १९९९ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी गेला. म्हणून ‘किती मार खाल्ला’ याचे गुण मी कोणालाही दिलेले नाहीत. मार चुकवण्याचे गुण दिले आहेत. यामुळे काही लाडकी नावे खाली सरकली, आणि जॉन्सन, टनी, होम्स यांच्यासारखी माणसे वर आली.

माझी मोजमापे तीन आहेत. आपल्या काळात उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम माणसांशी तो लढला का, आणि नसेल तर कोणामुळे? किती वेगवेगळ्या शैलींची कोडी त्याने सोडवली? आणि हरल्यावर, किंवा हरता हरता वाचल्यावर, दुसऱ्या गाठीत त्याने काय बदलले? या तिसऱ्या कसोटीला मी मुद्दाम मोठे महत्त्व दिले, कारण ती नियम, वजन आणि काळ या तिन्हींपासून बऱ्यापैकी मोकळी आहे. बुद्धी कोणत्याही शतकात बुद्धीच असते.

या मापाने माझ्या यादीत अली पहिला आणि लुई दुसरा आहे. लुईने श्मेलिंगकडून १९३६ मध्ये बाराव्या फेरीत हार खाल्ली, आणि दोन वर्षांनी त्याच माणसाला एकही फेरी पूर्ण करू दिली नाही. कॉन आणि वॉलकॉट यांनी त्याला पहिल्या गाठीत घाम फोडला. दुसऱ्या गाठीत दोघेही नॉकआउट झाले. शिकलेला धडा इतक्या अचूकपणे वापरणारा विजेता दुसरा नाही. तरीही अली वर आहे, कारण त्याच्या समोरची माणसे अधिक बलाढ्य होती: सॉनी लिस्टन, फ्रेझर, नॉर्टन, फोरमन. आणि त्यांच्याशी तो दोन वेगळ्या शरीरांनी लढला. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सला तीन फेऱ्यांत संपवणारा अली पायांवर जगत होता. वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून साडेतीन वर्षांची बंदी सोसून परतलेल्या अलीचे पाय तसे राहिले नाहीत, तेव्हा त्याने डोक्याने, अंगकाठीने आणि धैर्याने वेगळीच लढाई रचली. नॉर्टनशी १९७६ मध्ये झालेल्या तिसऱ्या लढतीचा निकाल अनेकांना पटलेला नाही, मलाही तो नॉर्टनचा वाटतो. ते गुण मी वजा केले आहेत. वजा करूनही तो वरच राहतो.

मार्सियानोच्या चाहत्यांना त्याची जागा खटकेल. लुई, वॉलकॉट आणि मूर हे त्याच्यासमोर आले तेव्हा पस्तिशी ओलांडून गेलेले होते, हे मी नजरेआड केलेले नाही. त्या प्रकरणात प्रत्येक लढतीची वेगळी छाननी आहे. टायसन आणि उसिक यांच्याबद्दलही वाद होईल. तो व्हायलाच हवा. माझी एकच विनंती आहे. माझ्याशी असहमत होताना आपले मोजमाप आधी मांडा: फेऱ्या किती, ग्लोव्ह्ज कोणते, माणूस कोणत्या वयाचा, आणि त्याच्या काळात दाराबाहेर कोण उभे होते. एवढे ठरवून जो कोणी लुईला किंवा जॉन्सनला पहिला म्हणेल, त्याचे म्हणणे मी आदराने ऐकेन. आणि लँगफर्ड, विल्स, जॅक्सन यांची नावे न घेता केलेल्या यादीला, तिच्या शिखरावर कोणीही असो, मी पूर्ण मानणार नाही. म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण विजेत्यांचे नाही. किताबाच्या लायक असून ज्यांना त्याच्यासाठी लढूच दिले नाही, त्या माणसांचे आहे. वाचनाची सुरुवात तिथूनच करावी.